टिळकवाडीतला हंगेरीचा अभ्यासवर्ग : कायदा नीट शिकवला, अर्थकारण घाईत उरकले

बेळगाव आणि परिसरात व्याख्यानांना कधी तोटा नसतो. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर अशा गावांतून साहित्य संमेलने भरतात, शहरातल्या वाचनालयांच्या व्याख्यानमाला होतात, आणि श्रोता दीड तास ऐकून आभारप्रदर्शन संपण्याआधीच चपला शोधू लागतो. टिळकवाडीतील एका वाचनालयाने यंदा निराळा घाट घातला. नाममात्र का होईना पण फी आकारून, हाती छापील पुस्तिका देऊन, एकाच विषयावर सलग सहा रविवारी संध्याकाळी वर्ग घेतला. विषय असा, की साम्यवादी राजवट गेल्यानंतर हंगेरीत उदारमतवादी लोकशाही उभी राहिली आणि वीस वर्षांत ती ढासळली, हे नेमके कसे घडले? शिकवणारे एक निवृत्त राज्यशास्त्राचे प्राध्यापक, फी पाचशे रुपये, विद्यार्थ्यांना निम्मी. हाच वर्ग पुन्हा घेण्याचे वाचनालयाने ठरवले आहे. नाव नोंदवावे की नाही असा विचार करणाऱ्यांसाठी हे परीक्षण आहे.

वर्गाला येणारी मंडळी पाहून प्रथम आश्चर्यच वाटले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, न्यायालयात वकिली करणारे तिघे-चौघे, स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लागलेली मुले, खानापूर आणि निपाणीहून येणारे शिक्षक, आणि सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातूनही दोघे. शिकवणे मराठीत होते, परंतु कन्नड माध्यमात शिकलेल्या मुलांनी कन्नडमध्ये विचारलेल्या प्रश्नांना सरांनी कन्नडमध्येच उत्तरे दिली आणि त्याचा मथितार्थ लगेच मराठीत सांगितला. बेळगावात ही गोष्ट वाटते तितकी सहज घडत नाही, म्हणून तिची नोंद करणे मला अगत्याचे वाटते.

हंगेरीच का, रशिया का नाही, हा प्रश्न पहिल्याच रविवारी निघाला. सरांचे म्हणणे असे, की रशियात किंवा बेलारूसमध्ये लोकशाहीने मूळच धरले नाही, त्यामुळे तिथे काय मोडले हे दाखवणे अवघड जाते. हंगेरीचे तसे नव्हते. जून ते सप्टेंबर १९८९ या काळात सत्ताधारी पक्ष आणि विरोधक यांनी गोलमेज वाटाघाटी करून रक्त न सांडता सत्तांतराची वाट काढली, ११ सप्टेंबरला पूर्व जर्मनांसाठी ऑस्ट्रियाची सीमा मोकळी झाली, २३ ऑक्टोबरला प्रजासत्ताक जाहीर झाले आणि १९९० च्या वसंतात पहिली मुक्त निवडणूक झाली. घटना न्यायालय असे कणखर, की त्याने १९९० मध्येच फाशीची शिक्षा रद्द ठरवली. १९९० ते २००६ या काळात पाच निवडणुका झाल्या, सरकारे आली आणि गेली, २००४ मध्ये देश युरोपीय संघात दाखल झाला. बाहेरच्या जगाच्या लेखी संक्रमण पूर्ण झाले होते. या बैठकीत सरांनी १६ जून १९८९ च्या प्रसंगाला पुरेसा वेळ दिला. १९५६ च्या उठावानंतर फाशी दिलेल्या इम्रे नॉज यांचे त्या दिवशी सन्मानाने पुन्हा दफन झाले, आणि बुडापेस्टच्या वीरांच्या चौकात सव्वीस वर्षांच्या एका दाढीवाल्या तरुणाने सोव्हिएत फौजा परत जाव्यात अशी उघड मागणी केली. तो व्हिक्टर ओर्बान, पुढे देशाचा पंतप्रधान झालेला. पुढे ज्याच्या हातून ही व्यवस्था मोडली, तो तिच्या पायाभरणीच्या वेळी व्यासपीठावर हजर होता, आणि त्याचा फिडेस पक्ष तेव्हा उदारमतवादी तरुणांचा पक्ष म्हणूनच ओळखला जात होता, ही गोष्ट वर्गातल्या बहुतेकांना नवी होती.

वर्गाचा खरा कस लागतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत. लोकशाही रणगाड्यांनी नव्हे, तर राजपत्रातून कशी गेली, हे इथे पायरीपायरीने दाखवले जाते. सरांनी फळ्यावर २०१० च्या निवडणुकीचा आकडा मांडला : फिडेस आणि तिच्या सहकारी पक्षाला पक्षयाद्यांना पडलेल्या मतांपैकी सुमारे ५३ टक्के मते, पण ३८६ पैकी २६३ जागा. मग भागाकार आम्हालाच करायला लावला. उत्तर ६८ टक्क्यांच्या वर येते, आणि दोन तृतीयांशांसाठी २५८ जागा पुरेशा होत्या. हंगेरीत दुसरे सभागृह नाही, राज्ये नाहीत. १९४९ ची साम्यवादी घटना १९८९ मध्ये जवळजवळ संपूर्ण बदलली गेली, तरी ती दुरुस्त करण्याची अट एका सभागृहातील दोन तृतीयांश बहुमत एवढीच राहिली. निवडणूक पद्धतही स्थिर सरकार यावे म्हणून विजेत्याला झुकते माप देणारी ठेवली गेली. दोन्ही निर्णय १९८९ मध्ये सद्भावनेने झाले होते. एकत्र आल्यावर त्यांचा अर्थ असा झाला, की निम्म्या मतदारांच्या पाठिंब्यावर एखादा पक्ष संपूर्ण घटना नव्याने लिहू शकतो.

या ठिकाणी एका वकिलांनी योग्य शंका काढली, की १९९४ मध्ये समाजवादी आणि त्यांच्या उदारमतवादी मित्रपक्षाकडेही दोन तृतीयांशांहून अधिक जागा होत्या, मग तेव्हा असे का झाले नाही? सरांनी दिलेले उत्तर मला या सगळ्या वर्गातले सर्वांत मोलाचे वाटते. त्या आघाडीने १९९५ मध्ये स्वतःवरच बंधन घालून घेतले : नवी घटना कशी तयार करायची याचे नियम चार पंचमांश सभासदांच्या संमतीनेच ठरतील, अशी तरतूद घटनेत घातली. परंतु त्या तरतुदीला स्वतःचे संरक्षण नव्हते. ती काढून टाकायला नेहमीचेच दोन तृतीयांश पुरत होते, आणि २०१० च्या उन्हाळ्यात फिडेसने ती काढून टाकली. नवी घटना १८ एप्रिल २०११ रोजी सत्ताधाऱ्यांच्याच मतांवर संमत झाली आणि १ जानेवारी २०१२ पासून लागू झाली. शेजारी बसलेले आणखी एक वकील यावर बराच वेळ मान हलवत राहिले. आपल्याकडच्या केशवानंद भारती निकालाची आठवण त्यांनी काढली आणि सरांनीही ती धरून घटनेची मूलभूत चौकट दुरुस्तीच्या अधिकाराबाहेर ठेवण्याचे महत्त्व थोडक्यात समजावले. हा भाग खरे तर आणखी वाढवता आला असता.

न्यायाधीशांच्या निवृत्तीचे वय ७० वरून एकदम ६२ वर आणणे, घटना न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या ११ वरून १५ करणे, सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष आंद्राश बाका यांची मुदत अर्ध्यावर संपवणे, न्यायाधीशांच्या नेमणुकांचे अधिकार एका नव्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे सोपवणे आणि त्या पदावर सत्ताधारी पक्षाच्या घटनाकाराच्या पत्नीला नऊ वर्षांसाठी बसवणे, हे सारे पुस्तिकेत तारीखवार दिले आहे. युरोपीय न्यायालयाने निवृत्तीवयाची तरतूद नोव्हेंबर २०१२ मध्ये वयावरून केलेला भेदभाव ठरवली आणि बाका यांना मानवी हक्क न्यायालयाने २०१६ मध्ये न्याय दिला. पण तोवर जागा भरल्या गेल्या होत्या. निकाल बाजूने लागूनही हाती काही न येणे म्हणजे काय, हे ज्याला दिवाणी दाव्याचा अनुभव आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही. वृत्तपत्रांचा भागही चांगला आला. ‘नेप्साबादशाग’ हे प्रमुख विरोधी दैनिक ऑक्टोबर २०१६ मध्ये एका रात्रीत बंद झाले, आणि २०१८ मध्ये सरकारधार्जिण्या मालकांनी चारशेहून अधिक माध्यमे एका प्रतिष्ठानाला फुकट देऊन टाकली. सरकारने हा व्यवहार राष्ट्रीय महत्त्वाचा ठरवून स्पर्धा नियामकाच्या छाननीतून वगळला. पत्रकाराला तुरुंगात न टाकता वृत्तपत्र कसे संपवता येते, याचा हा धडा मुलांनी वहीत उतरवून घेतला.

चौथी बैठक सीमेपलीकडच्या हंगेरियन लोकांवर होती, आणि ती ऐकण्यासाठी नेहमीपेक्षा दीडपट माणसे आली, यात नवल नाही. नोंदणीच्या अर्जावरच ‘स्थानिक राजकारणावर प्रश्न विचारू नयेत’ अशी सूचना छापली आहे. वाचनालयाची अडचण मी समजू शकतो. तथापि, ४ जून १९२० च्या त्रियानों तहाने हंगेरीचा दोन तृतीयांश भूभाग गेला आणि तीस लाखांहून अधिक हंगेरियन भाषक रुमानिया, चेकोस्लोव्हाकिया व युगोस्लाव्हियात राहिले, हे वाक्य बेळगावात उच्चारल्यावर श्रोत्यांच्या मनात १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना, सीमावादावरचा महाजन आयोग आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला सीमाप्रश्नाचा दावा येऊ नये, अशी अपेक्षा करणे म्हणजे जरा अतीच झाले. सरांनी प्रसंग उत्तम सांभाळला. युद्धानंतर लादलेला दोन सार्वभौम देशांमधला तह आणि एकाच राज्यघटनेखालची भाषावार राज्यरचना यांची सरसकट तुलना करू नका, चंदगडचा आणि बेळगावचा माणूस एकाच देशाचा नागरिक आहे, असे त्यांनी आधी स्पष्ट केले. मग मूळ मुद्द्यावर आले.

मुद्दा असा. सीमेपलीकडच्या हंगेरियनांना दुहेरी नागरिकत्व द्यावे का, यावर ५ डिसेंबर २००४ रोजी सार्वमत झाले. सत्तेवरच्या डाव्या सरकारने विरोधात प्रचार केला, मतदानच अपुरे झाले आणि प्रश्न बारगळला. आपल्याच लोकांनी आपल्याला नाकारले, ही जखम रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनिया भागात खोलवर गेली. फिडेसने २०१० मध्ये सत्तेवर येताच पहिल्या काही आठवड्यांत ते नागरिकत्व कायद्याने देऊन टाकले, आणि पाठोपाठ मतदानाचा हक्कही. २०१४ च्या निवडणुकीत या मतदारांपैकी सुमारे ९५ टक्क्यांनी फिडेसला मत दिले. त्यांना टपालाने मतदान करता येत होते. उलट हंगेरीतच जन्मलेला, कायमचा पत्ता तिथेच असलेला पण लंडनला नोकरीसाठी गेलेला तरुण मात्र मत द्यायला स्वतः वकिलातीत जायला हवा. ओर्बान यांनी ‘अनुदार’, म्हणजे उदारमतवाद बाजूला ठेवणारे, राज्य उभारण्याची घोषणा जुलै २०१४ मध्ये केली, तीसुद्धा बुडापेस्टमध्ये नव्हे, तर रुमानियातल्या हंगेरियन वस्तीच्या तुश्नाद गावी. एक वयस्क गृहस्थ उठून म्हणाले, “सर, मतं मिळाली ती कळली. पण त्या लोकांना शाळा मिळाल्या का?” सर म्हणाले, “मिळाल्या, काका. बुडापेस्टहून शाळांना, चर्चना, फुटबॉल अकादमींना, वर्तमानपत्रांना पैसा गेला. म्हणून तर तिथला माणूस ओर्बानला दोष देत नाही.” हे उत्तर ऐकून वर्गात थोडा वेळ कुजबुज झाली. सरांनी कुणाचे मत बनवण्याचा प्रयत्न केला नाही, हे मला आवडले. सीमाभागातल्या माणसाला आपल्या प्रश्नाचा मातृराज्यात कुणाला कसा उपयोग होतो, हे तिऱ्हाइताच्या उदाहरणावरून पाहायला मिळाले, आणि मला तरी एवढ्या बैठकीसाठीच फी वसूल झाली.

आता तक्रारीकडे येतो. अर्थकारणाला एकच बैठक दिली आहे, आणि तीही मागच्या चर्चेचा उरलेला भाग संपवण्यात निम्मी गेली. याने वर्गाचा तोल बिघडतो. संस्था कशा ताब्यात घेतल्या हे आम्हाला नीट कळले, परंतु सामान्य हंगेरियन मतदाराला त्याचे काहीच का वाटले नाही, हे कळले नाही. आणि माझ्या मते संक्रमण फसण्याचे निम्मे कारण तिथे आहे. हंगेरी १९८९ मध्येच सुमारे वीस अब्ज डॉलरचे परदेशी कर्ज डोक्यावर घेऊन लोकशाहीत आली. पुढच्या चार-पाच वर्षांत एक कोटी लोकसंख्येच्या देशात दहा लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या. मार्च १९९५ मध्ये समाजवादी म्हणवणाऱ्या सरकारने अर्थमंत्री बोक्रोश यांच्या नावाने ओळखली जाणारी काटकसर लादली : चलनाचे अवमूल्यन, आयातीवर अधिभार, भत्त्यांना कात्री, उच्च शिक्षणाला शुल्क. लोकशाही म्हणजे मत देण्याचा हक्क आणि रिकामा खिसा, अशी सांगड ज्या पिढीच्या मनात बसली, तिला घटना न्यायालयाचे कौतुक किती असणार?

यानंतरची परकीय चलनातल्या कर्जाची हकीकत सरांनी दोन वाक्यांत संपवली, ती खरे तर एक पूर्ण संध्याकाळ मागते. व्याज कमी म्हणून लाखो कुटुंबांनी घरासाठी आणि गाडीसाठी स्विस फ्रँकमध्ये कर्ज घेतले. २००८ च्या उन्हाळ्यात एका फ्रँकला साधारण दीडशे फोरिंट (हंगेरीचे चलन) पडत होते; २०११ मध्ये तोच दर २४० च्या वर गेला. ज्याने पतसंस्थेचे कर्ज घेऊन घर बांधले आहे, त्याने आपला हप्ता स्वतःची काही चूक नसताना दीडपट झाल्याची कल्पना करून पाहावी. ऑक्टोबर २००८ मध्ये सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, युरोपीय संघ आणि जागतिक बँक यांच्याकडून मिळून वीस अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली. त्याआधी दोन वर्षे समाजवादी पंतप्रधान फेरेन्त्स ज्युर्चान यांचे पक्षाच्या बंद बैठकीतले भाषण बाहेर फुटले होते. निवडणूक जिंकण्यासाठी आपण सकाळ-संध्याकाळ खोटे बोललो, अशी त्यात कबुली होती. १७ सप्टेंबर २००६ ला ती ध्वनिफीत प्रसृत झाली, बुडापेस्टमध्ये दंगली उसळल्या, पण पंतप्रधान पदावर राहिले ते २००९ पर्यंत. या प्रसंगावर सर बोलले, मात्र त्यांचा सूर ‘एका माणसाची घोडचूक’ असा होता. मला ते पटत नाही. त्या कबुलीनंतरही राजीनामा न देण्याने लोकांचा विश्वास एका पक्षावरूनच नव्हे, तर लोकशाहीची भाषा बोलणाऱ्या सगळ्यांवरूनच उडाला. पुढे २०१० मध्ये समाजवाद्यांचा जुना उदारमतवादी मित्रपक्ष, जो १९९० मध्ये देशातला दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष होता, तो संसदेतून नाहीसाच झाला.

आणि फिडेसने लोकांना दिले काय? ज्यांच्याकडे रोकड होती त्यांना २०११ मध्ये फ्रँकचे कर्ज १८० फोरिंटच्या दराने एकरकमी फेडण्याची मुभा दिली आणि तोटा बँकांच्या माथी मारला. २०१३ पासून वीज, गॅस आणि पाण्याचे दर सक्तीने उतरवले आणि बिलावर ग्राहकाचे किती वाचले ते नारिंगी चौकटीत छापायला लावले. नारिंगी हा फिडेसचाच रंग. खेड्यात आपल्या रोजगार हमीसारखी सार्वजनिक कामांची योजना वाढवली, पण कुणाला काम द्यायचे हे बऱ्याच ठिकाणी महापौराच्या मर्जीवर राहिले. दुसऱ्या बाजूला ओर्बान यांच्या बालपणीच्या फेल्चुत गावचा गॅस जोडणीचा एक कंत्राटदार सरकारी कामांच्या जोरावर देशातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला, आणि जेमतेम अठराशे वस्तीच्या त्या गावात ३,८०० आसनांचे स्टेडियम उभे राहिले. त्या सरकारी कामांच्या पैशाचा मोठा भाग युरोपीय संघाच्या निधीतून आला. ज्या संघाच्या संसदेने सप्टेंबर २०२२ मध्ये हंगेरीला ‘निवडणुकीची एकाधिकारशाही’ म्हटले, त्याच संघाचे पैसे त्याआधी बारा वर्षे या व्यवस्थेला पोसत होते. हे सारे पुस्तिकेच्या परिशिष्टात त्रोटक आले आहे, वर्गात मात्र आले नाही. हंगेरीतल्या रोमा समाजाचा तर उल्लेखही नाही, आणि कारखाने बंद पडल्याचा पहिला तडाखा त्यांनाच बसला होता.

शेवटची बैठक प्रश्नोत्तरांची. ती बरी झाली, एवढेच म्हणता येईल. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी पोलंडबद्दल विचारले, सरांनी न्यायालयांपुरते उत्तर दिले. काही ज्येष्ठ मंडळींनी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचे भाषण केले आणि संयोजकांनी त्यांना आवरले नाही. अभ्यासक्रम २०२२ च्या निवडणुकीशी थांबतो. त्या निवडणुकीत सहा विरोधी पक्ष एकत्र येऊनही फिडेसने १९९ पैकी १३५ जागा जिंकल्या. पुढचा भाग वाचकाने स्वतः वाचावा, असे पुस्तिकेत म्हटले आहे.

पुस्तिकेबद्दल : मजकूर काटेकोर, जोडाक्षरांच्या चुका जवळजवळ नाहीत, हंगेरियन नावांचे उच्चार मागे दिले आहेत. नकाशे मात्र झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखे काळे आले आहेत. त्रियानोंपूर्वीची आणि नंतरची सीमा त्यात ओळखू येत नाही, आणि नेमका तोच नकाशा सर्वांना पाहायचा होता. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. गुडघेदुखीच्या ज्येष्ठांनी हे ध्यानात घ्यावे. रेल्वे जवळून जाते, त्यामुळे गाडी आली की सरांना वाक्य अर्धे सोडून थांबावे लागत असे, आणि ध्वनिक्षेपक असा, की मागच्या तीन रांगांना शेवटची अक्षरे गिळल्यासारखी ऐकू येतात. मध्यंतरात चहा मिळतो, तो चांगला असतो.

वेळेचे नियोजन हा मात्र खरा दोष आहे. साडेसहाला संपणारी बैठक एकदाही वेळेवर संपली नाही. टिळकवाडीत राहणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही, पण खानापूरच्या शिक्षकांना आणि चंदगडच्या दोघांना चर्चा ऐन रंगात असताना बसस्थानकाकडे धाव घ्यावी लागत असे. संयोजकांना मी हे लेखी कळवले आहे. पुढच्या वेळी अर्धा तास आधी सुरुवात करू आणि अर्थकारणाला दोन बैठका देऊ, असे त्यांनी सांगितले आहे.

ज्यांना वर्तमानपत्रातल्या बातमीपलीकडे जाऊन एखाद्या देशाची घटना कलमाकलमाने कशी बदलली गेली हे समजून घ्यायचे आहे, त्यांनी नाव नोंदवावे. वकिलीच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तर जरूर. अर्थकारणातून राजकारण समजून घेऊ इच्छिणाऱ्यांनी संयोजक दोन बैठकांचा शब्द पाळतात का, ते आधी विचारून घ्यावे. नोंदणी वाचनालयात संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत होते, विद्यार्थ्यांनी ओळखपत्राची प्रत न्यावी, आणि जागा मिळाल्यास पुढच्या चार रांगांतच बसावे.